आधी ‘बुएनास’ म्हणा

मंडईत मासळीच्या गाळ्यासमोर सात-आठ माणसं उभी असतात. एक जण खांबाला टेकून फोनवर बोलत असतो, दोघी जणी पाठमोऱ्या उभ्या राहून गप्पा मारत असतात, एक आजोबा पलीकडच्या भाजीवाल्याकडे टोमॅटो निवडत असतात. रांग म्हणावी असं काही दिसत नाही. आपण सवयीने मोकळी जागा बघून पुढे सरकतो आणि सगळ्यांच्या माना आपल्याकडे वळतात. रांग असते, पण ती तोंडी असते. येणारा माणूस गाळ्यापाशी पोचला की मोठ्याने विचारतो, “एल उल्तिमो?” म्हणजे शेवटचं कोण? कुणीतरी हात वर करून म्हणतं, “यो.” मी. झालं, तुमचा नंबर त्या माणसामागे लागला. आता खुशाल पलीकडून कोथिंबीर घेऊन या. मात्र तुमच्यानंतर आलेल्या माणसाने विचारलं की “यो” म्हणायचं काम तुमचं.

मी रत्नागिरीची. नवऱ्याला मालागाच्या टेक्नॉलॉजी पार्कमध्ये नोकरी मिळाली आणि आम्ही दक्षिण स्पेनच्या किनाऱ्यावर फुएनहिरोलात घर केलं. तेव्हापासून पुण्या-मुंबईच्या ओळखीपाळखीतून फोन येत असतात. कुणी नोकरीसाठी यायचं म्हणतं, कुणी घरून काम करणाऱ्यांसाठी स्पेनने सुरू केलेल्या व्हिसाबद्दल विचारतं. प्रश्न बहुतेक कागदांचे आणि भाड्याचे असतात. त्यांची उत्तरं पुढे देतेच. पण माझं पहिलं सांगणं वेगळं आहे: कागद तुम्हाला रहिवासी करतात, गाव तुम्हाला ओळखू लागतं ते रोजच्या फेऱ्यांमुळे. मंडई, बेकरी, औषधांचं दुकान, कोपऱ्यावरचा बार इथे रोज साधारण त्याच वेळी, स्वतःच्या पायांनी जा आणि आत शिरताना सगळ्यांना ऐकू जाईल असं “बुएनास”, म्हणजे नमस्कार, म्हणा. लिफ्टमध्ये अनोळखी माणूस असला तरी म्हणा, दवाखान्यात बाकावर बसण्याआधी म्हणा. गप्प येऊन गप्प बसणारा माणूस इथे शिष्ट वाटतो. आपल्याकडे अनोळखी माणसाला हाक घालायची पद्धत नाही, त्यामुळे पहिले काही दिवस जीभ रेटावी लागते. ती जरूर रेटा.

फुएनहिरोला मालागाच्या नैर्ऋत्येला आहे. दर वीस मिनिटांनी सुटणारी ‘सी-१’ लोकल मालागा शहरातून निघून विमानतळ, तोर्रेमोलिनोस, बेनाल्मादेना करत शेवटी इथे येते. गाव क्षेत्रफळाने लहान, वस्ती ऐंशी हजारांच्या पुढे, आणि त्यात परदेशी माणसं भरपूर. लोस बोलिचेस हा जुना कोळ्यांचा भाग. तिथे आज फिनलंडची इतकी माणसं राहतात की दुकानांच्या पाट्यांवर फिनिश भाषा दिसते. इंग्रजी तर किनाऱ्यालगत सगळीकडे चालते. नव्या माणसाला हे सोयीचं वाटतं आणि तिथेच तो अडकतो. वीस वर्षं राहून वीस वाक्यं न शिकलेली माणसं मी इथे पाहिली आहेत. त्यांचा डॉक्टर इंग्रजी, वकील इंग्रजी, दुकान इंग्रजी. म्हातारपणी रात्री-बेरात्री शेजाऱ्याची गरज पडते, तेव्हा भिंतीपलीकडे कोण राहतं हेही त्यांना माहीत नसतं.

म्हणून घर शोधताना समुद्राचा देखावा विकत घेऊ नका. किनाऱ्यावरची पहिली रांग पाहुण्यांसाठी असते. उन्हाळ्यात खाली पहाटेपर्यंत गोंगाट आणि जानेवारीत अख्ख्या इमारतीत दोन खिडक्यांत उजेड. खाऱ्या वाऱ्याने कड्या-कोयंडे गंजतात, हे कोकणातल्या माणसाला सांगायला नको. दोन-चार गल्ल्या मागे, जिथे खाली बेकरी आहे, सकाळी शाळेची मुलं दिसतात आणि गॅलऱ्यांतून धुणं वाळतंय, तिथे घर बघा. एकदा दुपारी आणि एकदा रात्री अकराला त्या गल्लीत जाऊन या. दक्षिणेकडे तोंड असलेलं घर मिळालं तर पाच-पन्नास युरो जास्त गेले तरी घ्या. याचं कारण हिवाळा. ‘कोस्ता देल सोल’, सूर्याचा किनारा, या नावावर विसंबून येणारा माणूस पहिल्या जानेवारीत कुडकुडतो. बाहेर दुपारी सतरा-अठरा अंश, ऊन सुखाचं. पण घरं उन्हाळ्यासाठी बांधलेली, फरशी थंडगार, हीटर बहुतेक घरांत नाही आणि हवेत ओल. घर बघायला गेलात की कपाटं उघडा, कोपऱ्यांतून वास घ्या, पलंगामागच्या भिंतीवर काळी बुरशी आहे का बघा. जुन्या घरांत ‘मेसा कामिया’ असतं: गोल टेबल, त्यावर जमिनीपर्यंत येणारं जाड कापड आणि खाली छोटी शेगडी, म्हणजे ब्रासेरो. पूर्वी त्यात निखारे असायचे, आता विजेची तार. कापड मांडीवर ओढून सगळं घर त्याभोवती बसतं. मला तर ही इथली सगळ्यात शहाणी वस्तू वाटते.

आता करार. इथे आम्ही स्वतः चुकलो, म्हणून नीट सांगते. स्पेनच्या भाडेकायद्यात राहत्या घरासाठी भाडेकरूला मोठं संरक्षण आहे. मालक व्यक्ती असेल तर पाच वर्षांपर्यंत, कंपनी असेल तर सात वर्षांपर्यंत भाडेकरूला करार पुढे चालू ठेवता येतो. कायद्याने ठरलेली अनामत, ‘फियान्सा’, एक महिन्याची असते. त्यावर मालक जास्तीत जास्त दोन महिन्यांची वाढीव हमी मागू शकतो. मे २०२३ पासून दलालाची फी मालकाने द्यायची असते. पण हे सगळं राहत्या घराच्या कराराला लागू. किनाऱ्यावरच्या गावांत मालकाला जुलै-ऑगस्टमध्ये पर्यटकांकडून जास्त पैसे मिळतात, म्हणून तो ‘तेम्पोरादा’चा, म्हणजे हंगामी, करार पुढे करतो. सप्टेंबर ते जून. आम्हाला आमच्या पहिल्या मालकाने अकरा महिन्यांचा कागद दिला, “पुढच्या वर्षी बघू” म्हणाला, आम्ही सही केली. आपल्याकडे अकरा महिन्यांचा करार ही नेहमीचीच गोष्ट, त्यामुळे मनात शंकाही आली नाही. जूनमध्ये त्याने घर रिकामं करायला सांगितलं, तेव्हा अख्ख्या किनाऱ्यावर परवडेल असं एकही घर मोकळं नव्हतं. तेव्हा करारावर ‘विवियेन्दा आबितुआल’, नेहमीचं राहतं घर, हे शब्द आहेत का ते आधी वाचा. त्या घराच्या पत्त्यावर नगरपालिकेत नाव नोंदवायला मालकाची हरकत नाही ना, हेही पैसे देण्याआधी विचारा. कां-कूं करणारा मालक सोडून द्या. आणि शक्य असेल तर शोध सप्टेंबर-ऑक्टोबरात करा; पाहुणे गेलेले असतात, घरं मोकळी असतात.

नगरपालिकेतली ही नोंद, तिला पाद्रोन म्हणतात, सगळ्या कागदांचं मूळ आहे. पासपोर्ट आणि भाडेकरार घेऊन आयुन्तामिएन्तोत, म्हणजे नगरपालिकेत, जायचं. मुलाची शाळा, आरोग्य केंद्र, पोलिसांचं कार्ड, सगळीकडे पाद्रोनचा दाखला मागतात आणि तो ताजा, बहुधा तीन महिन्यांच्या आतला लागतो. युरोपीय संघाबाहेरच्या, कायम वास्तव्याचा परवाना नसलेल्या माणसाने ही नोंद दर दोन वर्षांनी नवी करायची असते. ते राहून गेलं तर नाव आपोआप वगळलं जातं, म्हणून तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा. दुसरं काम परदेशी नागरिकाच्या ओळखपत्राचं, ‘तिए’चं. दीर्घ मुदतीचा व्हिसा घेऊन आल्यावर एक महिन्याच्या आत त्यासाठी अर्ज करायचा असतो. बोटांचे ठसे घेण्यासाठी राष्ट्रीय पोलिसांकडे आधी वेळ घ्यावी लागते, तिला ‘सिता प्रेविया’ म्हणतात. ही वेळ मिळवणं हेच सगळ्यात जिकिरीचं. वेबसाइट पुन्हा पुन्हा “वेळ शिल्लक नाही” म्हणते. निराश होऊ नका, दिवसातून वेगवेगळ्या वेळी बघत राहा, प्रांतातली दुसरी ठाणीही तपासा. ही वेळ विकणारे लोक भेटतील. ती सरकारी आहे, फुकट आहे. कुणालाही पैसे देऊ नका.

मराठी माणसासाठी या कागदांत एक खास खाच आहे. इथे प्रत्येकाला दोन आडनावं असतात, पहिलं वडिलांचं, दुसरं आईचं. फॉर्मवर तीन रकाने: पहिलं आडनाव, दुसरं आडनाव, नाव. आपलं नाव तीन शब्दांचं, त्यामुळे आपण स्वतःचं नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव आणि आडनाव त्या तीन रकान्यांत वाटून मोकळे होतो. मी हेच केलं. परिणाम असा, की आरोग्य केंद्राच्या नोंदीत माझ्या नवऱ्याचं नाव माझं दुसरं आडनाव झालं, पोलिसांच्या कार्डावर ते माझ्या नावात गेलं आणि बँकेच्या संगणकाला मी दोन वेगळ्या बायका वाटले. ते निस्तरायला दीड महिना गेला. भारतीय पासपोर्टवर आडनावाची ओळ वेगळी आणि नावांची ओळ वेगळी असते. तेच प्रमाण धरा: आडनाव पहिल्या रकान्यात, दुसरा रकाना कोरा, बाकी दोन्ही शब्द नावात. प्रत्येक कार्यालयात हेच, अक्षराचाही फरक न करता. दुसरी गोष्ट बायकांसाठी. इथे लग्नानंतर आडनाव बदलत नाही, त्यामुळे नवरा-बायकोचं आडनाव एक बघून कारकून तुम्हाला भाऊ-बहीण समजू शकतो. लग्नाचा दाखला जवळ ठेवा. लग्नाचा आणि मुलांच्या जन्माचा दाखला निघण्याआधी भारतातच परराष्ट्र मंत्रालयाकडून अपोस्टिल करून घ्या. इथे आल्यावर त्याचं स्पॅनिश भाषांतर सरकारमान्य भाषांतरकाराकडूनच करावं लागतं. इथून मागे फिरून ते अपोस्टिल करणं फार त्रासाचं होतं.

बँकेबद्दल थोडंच. खातं उघडलं की ‘बिसूम’ चालू करून घ्या. आपल्या यूपीआयसारखं, फोन नंबरवर पैसे जातात. शाळेच्या सहलीची वर्गणी असो की मित्रांचं जेवण, सगळे तेच वापरतात. आणि गाडी चालवणार असाल तर हे ध्यानात धरा: भारतीय परवाना वास्तव्य मिळाल्यापासून सहा महिनेच चालतो, तो बदलून मिळत नाही, इथली परीक्षा द्यावी लागते. लेखी परीक्षेत तीस प्रश्न, त्यांत तीन चुका माफ.

घरात आलात की गॅसचं बघा. बऱ्याच घरांत अजून केशरी सिलिंडर असतो, साडेबारा किलो ब्युटेनचा. घरी आणून देणारा बुतानेरो ठरल्या दिवशी गल्लीतून जातो. रबरी नळीवर तिची मुदत छापलेली असते, ती संपली असेल तर मालकाला बदलायला सांगा. आणि आमच्या इमारतीतल्या एका वृद्ध बाईंच्या बाबतीत घडलं ते सांगते. गणवेशातली दोन माणसं दारात आली, “गॅसची सक्तीची तपासणी” म्हणाली, पाच मिनिटांत नळी आणि रेग्युलेटर बदलला आणि दीडशेच्या वर युरो घेऊन गेली. पाच वर्षांनी तपासणी लागते हे खरं, पण सिलिंडरच्या बाबतीत मान्यताप्राप्त माणूस तुम्ही स्वतः बोलवायचा असतो. न बोलावता आलेल्या माणसाला दार उघडू नका, कितीही ओळखपत्रं गळ्यात असोत.

विजेचं गणितही पहिल्या महिन्यात समजून घ्या. बिलावर ‘पोतेन्सिया’ लिहिलेली असते, म्हणजे एका वेळी किती किलोवॉट ओढता येतात ते. ती कमी असेल तर एसी, ओव्हन आणि गिझर एकदम लावताच अंधार होतो. सरकारी दराची जोडणी असेल तर कामाच्या दिवशी सकाळी दहा ते दोन आणि संध्याकाळी सहा ते दहा वीज सगळ्यात महाग. मध्यरात्रीपासून सकाळी आठपर्यंत आणि शनिवार-रविवार सगळ्यात स्वस्त. हे कळल्यापासून आमचं धुणं शनिवारचं झालं. उन्हाळ्यात सकाळी दहा-अकराला खिडक्यांच्या पेर्सियाना, त्या गुंडाळीच्या झडपा, पार खाली ओढा आणि संध्याकाळी उघडा. उजेड यावा म्हणून त्या उघड्या ठेवणारं घर लांबूनच ओळखू येतं: तिथे नवीन माणूस राहतो.

वेळेचं तंत्र अंगवळणी पडायला मात्र महिने लागतात. स्पेनने १९४० साली घड्याळ एक तास पुढे केलं आणि ते परत मागे घेतलंच नाही. त्यामुळे सूर्य आणि घड्याळ यांचं इथे जमत नाही. जूनच्या शेवटी सूर्यास्त पावणेदहाच्या सुमाराला, जानेवारीत सकाळी आठलाही झुंजूमुंजूच. दुपारचं जेवण दोन ते चार, रात्रीचं नऊनंतर. दुपारी दोन ते पाच-साडेपाच लहान दुकानं बंद. त्या वेळी कुणाला फोन करू नका, भिंतीत खिळा तर मुळीच ठोकू नका. चारनंतर खानावळीचं स्वयंपाकघर बंद होतं, मग कितीही भूक असो. आणि ‘बुएनास तार्देस’ हा दुपारचा नमस्कार घड्याळातल्या बारावर नव्हे, जेवणावर अवलंबून असतो: दीड वाजला तरी जेवण व्हायचं असेल तर अजून सकाळचं ‘बुएनोस दियास’च. शाळा नऊ ते दोन भरते आणि मुलं घरी येऊन तीनला जेवतात. मुलांच्या प्रवेशाचे अर्ज अंदालुसियात मार्च महिन्यात घेतात. तो महिना चुकवला तर जवळची शाळा मिळेलच असं नाही. भाषा न येणाऱ्या मुलांसाठी सरकारी शाळांत वेगळे भाषावर्ग असतात, शाळेत चौकशी करा. मुलं वर्षाच्या आत बोलू लागतात. आई-वडिलांचं तसं होत नाही.

म्हणून भाषेबद्दल जरा थांबून बोलते. मराठी माणसाला स्पॅनिश अवघड जाऊ नये, आणि हे मी उगाच धीर द्यायला म्हणत नाही. आ, ए, इ, ओ, उ हे स्वर आपले, त आणि द आपल्यासारखेच दातांवरचे, क आणि प श्वास न सोडता म्हटलेले. इंग्रज माणूस वर्षानुवर्षं ज्याच्याशी झगडतो ते आपल्या जिभेवर आधीच आहे. नामांना लिंग असतं याचं आपल्याला आश्चर्य नाही. आपल्याला तर तीन सांभाळायची सवय. आणि ज्या वाक्यापाशी इंग्रजीतून शिकणारे हमखास अडतात, ते आपल्यासाठी घरचंच आहे: “मे गुस्ता एल ते” म्हणजे मला चहा आवडतो, “मे गुस्तान लोस मांगोस” म्हणजे मला आंबे आवडतात. क्रियापद आवडणाऱ्या माणसाप्रमाणे नाही, आवडलेल्या वस्तूप्रमाणे बदलतं, हुबेहूब मराठीसारखं. म्हणून सांगते, इंग्रजीवरून स्पॅनिश शिकू नका, मराठीवरून शिका. पोर्तुगीजांनी आपल्या भाषेत ठेवलेले शब्दही मदतीला येतात. पाव इथे पान, बटाटा पाताता, चावी यावे. आणि पैसे देणं म्हणजे पागार, आपला पगार. प्रौढांसाठी सरकारी वर्ग असतात, गावात सरकारी भाषाशाळाही आहे, आणि फी खाजगी वर्गांच्या मानाने अगदी थोडी.

वर्गात शिकलेली भाषा रस्त्यावर मात्र वेगळी ऐकू येते. अंदालुसियातली माणसं शब्दाच्या शेवटचा ‘स’ गिळतात. ‘बुएनास’चं ‘बुएना’ होतं, ‘दोस मास’चं ‘दो मा’. घाबरू नका. “मास देस्पासिओ, पोर फावोर”, जरा सावकाश, हे वाक्य पाठ करा आणि हवं तितक्या वेळा वापरा, कुणी कंटाळत नाही. वेटर “दिमे”, म्हणजे सांग, असं एकेरीत म्हणतो ते उर्मटपणाने नाही. मासळीवाली बाई तुम्हाला ‘इहा’, पोरी, म्हणेल, मग तुमचं वय काही असो. फार वयस्कर माणसांशी तुम्ही मात्र ‘उस्तेद’ वापरा, आपल्या अहो-जाहोसारखं. त्यांना ते आवडतं. भेटताना गालाला गाल लावायची पद्धत आहे. संकोच वाटला तर हसून हात पुढे करा, कुणी वाईट वाटून घेत नाही.

मासे खाणाऱ्या कोकणी माणसाला इथे परकं वाटायचं कारण नाही. बोकेरोन हा लहानगा मासा आपल्या मांदेलीच्या कुळातला. मालागाच्या माणसांना तर ‘बोकेरोनेस’ हेच टोपणनाव आहे. सार्दिना म्हणजे तारलीची बहीण, काबाया बांगड्याच्या नात्यातली, आणि कासोन म्हणजे मुशीसारखा, मसाल्यात मुरवून तळतात. रविवारी होड्या जात नाहीत, तेव्हा सोमवारी ताजी मासळी घ्यायला जाऊ नका. वाळूने भरलेल्या जुन्या होडीत ऑलिव्हच्या लाकडाचे निखारे करून, बोरूच्या काडीत ओवलेल्या तारल्या त्यांच्या कडेला उभ्या खोचून भाजतात, तो ‘एस्पेतो’. ज्या महिन्यांच्या नावात ‘र’ नाही त्या महिन्यांत तो खावा असं इथे म्हणतात: मायो, हुनियो, हुलियो, आगोस्तो. गंमत म्हणजे आपल्या मे, जून, जुलै, ऑगस्टलाही हा नियम तंतोतंत लागू पडतो.

शाकाहारी मंडळींनी मात्र सावध राहावं. “मांस नको” म्हटलं तर ट्यूना घातलेलं सॅलड येतं, कारण मासा म्हणजे मांस नव्हे. आणि हामोनचे, डुकराच्या मांसाचे, बारीक तुकडे तर कुठेही सापडतात. पूर्ण वाक्य म्हणा: “नो कोमो कार्ने, नि पेस्कादो, नि हामोन.” बदामाचं थंड सार आहोब्लांको, टोमॅटोचं गास्पाचो, भाज्यांचं पिस्तो हे निर्धास्त मागवा. सालमोरेहो मागवलंत तर वरचं अंडं आणि हामोन काढायला सांगा. आणि वांग्याचे काप ‘मिएल दे कान्या’बरोबर जरूर खा. शब्दशः तो उसाचा मध, प्रत्यक्षात आपली काकवी! नेर्हाजवळच्या फ्रिहिलियाना गावात ती अजून बनते. एके काळी या सगळ्या किनाऱ्यावर ऊस होता. त्याच बाजूला, वेलेस-मालागाच्या डोंगरउतारांवर, आज आंब्याच्या बागा आहेत आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात मंडईत तिथला आंबा येतो. हापूसची त्याच्याशी तुलना करू नका, आमरसाची तहान तो भागवतो. बेसन कुठल्याही सुपरमार्केटात मिळतं, कारण तळणासाठी इथेही हरभऱ्याचं पीठ लागतं. रवा, पुदिना, तिखट मिरची मोरोक्कन दुकानांत. पोहे आणि चपातीची कणीक भारतीय दुकानांत. या किनाऱ्यावर सिंधी व्यापाऱ्यांची जुनी वस्ती आहे, त्यांच्यामुळे आपलं पुष्कळ सोपं झालं. बेनाल्मादेनात हिंदू मंदिर आहे, आणि तिथल्याच टेकडीवर २००३ साली बांधलेला तेहतीस मीटर उंच बौद्ध स्तूप. समुद्राकडे तोंड करून त्याच्या पायरीवर बसलं की बरं वाटतं.

सकाळचा नाश्ता आठवड्यातून दोनदा तरी बाहेर करा, आणि नेहमी एकाच बारमध्ये. बार म्हणजे दारूचा अड्डा नव्हे. सकाळी तिथे आजी, नातू, पोस्टमन, गवंडी सगळे असतात. छोटा लांबट पाव भाजून त्यावर ऑलिव्हचं तेल आणि किसलेला टोमॅटो, त्याला मालागात ‘पितुफो’ म्हणतात. कॉफी नुसती ‘कॉफी’ म्हणून मागायची नाही. दूध किती यावर नावं आहेत: अर्धी-अर्धी ती ‘मिताद’, दूध बरंच जास्त ती ‘सोम्ब्रा’ म्हणजे सावली, दुधात नुसता कॉफीचा रंग ती ‘नुबे’ म्हणजे ढग. पंधरा दिवसांनी तुम्ही दारात दिसताच तुमची नुबे तयार होऊ लागेल. मला तो दिवस अजून आठवतो.

समुद्राशी मात्र ओळख सावकाश करा. अटलांटिकचं पाणी जिब्राल्टरमधून इकडे येतं, त्यामुळे भर जुलैतही ते थंड लागतं. पश्चिमेचा वारा, पोनिएन्ते, सुटला की वरचं कोमट पाणी दूर जातं, खालून गार पाणी वर येतं आणि समुद्र काचेसारखा दिसतो. पूर्वेचा लेवान्ते सुटला की पाणी उबदार, पण गढूळ आणि खवळलेलं. मालागाच्या बाजूला जमिनीकडून वाहणारा तेरराल म्हणजे भट्टीची झळ. त्या दिवशी झडपा ओढून घरात बसायचं. हिरवं, पिवळं, लाल निशाण बघूनच पाण्यात उतरा. लाल असताना कुणी पोहताना दिसलं तरी तुम्ही उतरू नका. जेलीफिशने डंख केला तर चोळू नका, गोडं पाणी लावू नका, समुद्राच्याच पाण्याने धुवा आणि जीवरक्षकाकडे जा.

दर मंगळवारी जत्रेच्या मैदानात भरणारा आठवडी बाजार बघा. कपडे, भांडी, मसाले, ऑलिव्ह सगळं मिळतं, आणि भाषेचा सराव फुकट. ऑगस्टच्या संध्याकाळी मालागात बिस्नागा विकणारे दिसतील: वाळलेल्या काटेरी फुलाच्या देठावर मोगऱ्यासारख्या जाईच्या कळ्या एकेक खोचून केलेला गोल गुच्छ. दुपारी कळ्या मिटलेल्या असतात, दिवेलागणीला उमलतात. उशाशी ठेवला तर झोपताना गाव जवळ येतं.

आणि आल्यावरच्या पहिल्या जुलैत १६ तारखेला काही ठरवू नका. त्या दिवशी विर्हेन देल कार्मेनची, समुद्रावर जाणाऱ्यांच्या माउलीची, मिरवणूक निघते. लोस बोलिचेसमध्ये संध्याकाळी तिची मूर्ती खांद्यांवर घेऊन माणसं सरळ समुद्रात शिरतात. आपल्याकडे नारळी पौर्णिमेला कोळी नारळ घेऊन खाडीवर जातात, त्या वेळचीच माणसांच्या चेहऱ्यावरची भावना. कडेला उभं राहून फोटो काढत बसलात तर तुम्ही पाहुणे. लवकर जा, वाळूत शेजाऱ्यांजवळ जागा धरा, पाणी आणि थोडा खाऊ बरोबर ठेवा. फोन प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळा, चपला हातात घ्या, आणि मूर्ती पाण्याला लागली की बाकीच्यांबरोबर गुडघाभर पाण्यात जाऊन उभे राहा.